माशाशिवाय जपान

मी मूळची मालवणची. म्हणजे ताटात मासा दिसला नाही तर 'आज वार कुठला?' असं विचारणाऱ्या घरातली. आणि माझी सगळी नोकरी गेली ती दुसऱ्यांच्या ताटातला मासा बाहेर काढण्यात. तोही जपानी ताटातला, आणि न्यू जर्सीत बसून. देवाला विनोदाची चांगली जाण आहे, हे माझं मत तेव्हापासूनचं.

झालं असं, की पुण्यात कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या नादानं मी जपानी शिकले. पुण्यात निम्मी पोरं जर्मन शिकतात आणि उरलेली जपानी, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. परीक्षा दिल्या, लग्न झालं, नवऱ्याची नोकरी आम्हाला एडिसनला घेऊन आली आणि माझी जपानी माळ्यावर जाऊन पडली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ओक ट्री रोडवर, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं काढायला बसले. एकदा क्योतोच्या एका हॉटेलवाल्याला आमच्या मॅनेजरचं इंग्रजी काही केल्या कळेना. मी फोन हातात घेतला आणि जपानीत बोलले. फोन ठेवला तेव्हा सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. त्या दिवशी जपान माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. आता मी रिटायर झालेय, म्हणजे पगार थांबलाय. फोन चालूच आहेत.

माझ्या टूर खाण्यापिण्याच्या. देवळं, बागा, बुलेट ट्रेन वाटेत लागतात तेवढ्या बघायच्या. लोकांना वाटतं, जपान म्हणजे सुशी. कुणी महाराष्ट्र म्हणजे वडापाव म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? कोल्हापूरचं ताट नागपुरात मिळत नाही आणि नागपूरचं कोकणात कुणाला झेपत नाही. तिथेही तसंच. कागावाचे लोक सकाळी उठून जाडजूड उदोन शेवया खातात. नागानोच्या डोंगरात भात कमी पिकायचा, म्हणून तिथे कुट्टूच्या पिठाच्या शेवया आणि ओयाकी. ओयाकी म्हणजे पुरणपोळीची बुटकी, जाड बहीण समजा: कणकेच्या गोळ्यात भाजीचं सारण भरायचं आणि वाफवायचं, नाहीतर चुलीवर भाजायचं. निइगाताला उत्तम तांदूळ, म्हणून उत्तम साके, म्हणजे तांदळाची दारू. दक्षिणेला कागोशिमाला रताळी, म्हणून तिथली दारू रताळ्याची. ही शेवटची माहिती सांगितली की दर ग्रुपमध्ये एकतरी काका उभे राहून म्हणायचे, "रताळ्याची आहे ना? मग उपासाला चालते!" मी त्यांना सांगायची, की त्यात तांदळावर वाढवलेली बुरशी घालतात, तेव्हा उपास मोडतो. काका हिरमुसून बसायचे. बुरशीबद्दल त्यांची काही तक्रार नसायची, वाईट वाटायचं ते तांदळाचं.

आता धंद्यातली खरी अडचण सांगते. तिला नाव आहे दाशी. वाळवलेल्या माशाचा लाकडासारखा कडक ठोकळा असतो. तो किसायचा, समुद्रातल्या शेवाळाबरोबर गरम पाण्यात घालायचा आणि ते पाणी गाळून घ्यायचं, की झाली दाशी. ती दिसत नाही आणि सगळ्यात असते, आपल्या फोडणीतल्या हिंगासारखी. उकडलेल्या पालकावर दाशी, शेवयांच्या सूपात दाशी, काही ठिकाणी लोणच्यातसुद्धा. वेटरला 'मी व्हेजिटेरियन आहे' म्हटलं, की तो अदबीनं वाकतो आणि सूपातला माशाचा तुकडा काढून देतो. सूप तेच. त्याच्या दृष्टीनं त्यानं तुमचं ऐकलेलं असतं.

म्हणून मी एक पद्धत पाडली. टूर निघायच्या आधी सगळ्या ग्रुपला माझ्या बेसमेंटमध्ये जेवायला बोलवायचं. त्याला आम्ही रंगीत तालीम म्हणायचो. जमिनीवर बसायचं, चॉपस्टिकनं शेंगदाणे उचलायची प्रॅक्टिस करायची, आणि ज्या ज्या गावाला जाणार तिथला एकेक पदार्थ चाखायचा. चॉपस्टिक भातात उभ्या खोवायच्या नाहीत, ते तिकडे मयताच्या भाताला करतात, हे सांगितलं की आपल्या लोकांना लगेच पटतं. अवघड जायचं ते शेवया खाणं. तिकडे शेवयांचा आवाज करत भुरका मारायचा असतो. आमच्या काकालोकांनी अमेरिकेत सगळी नोकरी आवाज न करता सूप पिण्यात घालवलेली. त्यांना मी म्हणायची, "काका, लहानपणी ताकाचा भुरका मारायचात ना? तसा." पहिला भुरका घाबरत, दुसरा जोरात, आणि मग सगळं बेसमेंट असं काही आवाज करायचं की वरून माझी मुलगी ओरडायची, "आई, व्हॉट इज हॅपनिंग देअर?"

तालमीत मी सूचनाही द्यायची. पण मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून बसायची सवय असलेल्या माणसांना सूचना देऊन काय उपयोग? निखिलचंच बघा. निखिल नागपूरचा, जर्सी सिटीत राहणारा, आयटीतला. अपार्टमेंटच्या क्लॉझेटमध्ये घरच्या घरी बिअर बनवायचा. तो आणि त्याचे दोन मित्र टूरवर आले ते निइगाताची साकेची भट्टी आतून बघायला. भट्टीत जायच्या दिवशी सकाळी नात्तो खायचं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं होतं. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, तारा सुटणारे, वासाला मोज्यांसारखे. हॉटेलच्या नाश्त्याला ते असतात. मी खाली आले तर तिघांनी नात्तोवर कांदा, लिंबू, तिखट आणि एडिसनहून आणलेलं फरसाण घालून मिसळ केलेली!

"ताई, फक्त तर्रीची कमी आहे बघा," निखिल म्हणाला.

भट्टीच्या दारात तिथल्या प्रमुखांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज सकाळी कुणी नात्तो खाल्लं का? मी भाषांतर केलं. निखिलला आणि त्याच्या मित्रांना वाटलं, जपानी पदार्थ खाल्ल्याबद्दल कौतुक चाललंय. तिघंही हसतमुखानं हात वर करून म्हणाले, "यस! व्हेरी टेस्टी!" प्रमुख चक्क मागे सरले.

"काहून? नाश्ता केला तर काय झालं यार?" निखिलनं मला विचारलं.

मग मी पुन्हा समजावलं. साके बनते ती तांदळावर वाढवलेल्या त्या बुरशीच्या जिवावर. नात्तोतले जंतू इतके दांडगे, की अंगाला, कपड्यांना चिकटून आत गेले तर त्या बुरशीचा फडशा पाडतात. झालं! जे साकेसाठी आले होते ते गेटबाहेर मशीनमधला गार चहा पीत बसले. आणि आत कोण गेलं, तर दारूला जन्मात न शिवलेले दोन काका आणि तीन काकू. बुरशीच्या गरम खोलीत त्यांना काय काय दाखवलं, ते एक काकू परत येताना बसमध्ये निखिलला सगळं वर्णन करून सांगत होत्या. तो बिचारा ऐकत होता. घरी गेल्यावर त्यानं मला मेसेज केला, की पुढच्या वर्षी परत येतो आणि त्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा पीत नाही.

तो खरंच परत आला. त्याच ग्रुपमध्ये, आमच्यापासून गाडीनं चार तासांवरच्या हर्नडनचे दामले काका आणि काकू होते. मला या नोकरीनं काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी त्यांचीच गोष्ट सांगते.

काका रिटायर्ड इंजिनिअर. लग्नानंतर लगेचच, अमेरिकेला यायच्या आधी, त्यांच्या पुण्यातल्या कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी नागानोला पाठवलं होतं. काकू तेव्हा पुण्यातच राहिल्या. नागानोत काका ज्यांच्या घरी राहायचे, त्या बाई त्यांना रोज डब्यात ओयाकी द्यायच्या. त्या ओयाकीचं कौतुक काकू चाळीस वर्षं ऐकत आलेल्या. आता काकांचे हात थरथरायला लागले होते, चालणं अडखळायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, लांबचा प्रवास करायचा तो यंदाच करा. काकांना तिथे जायचं होतं, पण काकूंना बरोबर घेऊन. आणि काकू तयार नव्हत्या.

मुलगी एडिसनलाच असल्यामुळे दोघं मला भेटायला आले.

"तुम्ही जा की," काकू म्हणाल्या, "मी मनीकडे राहते."

"एकटा जाऊन काय करू?"

"ओयाकी खा तुमच्या त्या बाईंचे."

काका हसले, पण उदास. चहाच्या निमित्तानं काकू माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी खरं कारण सांगितलं.

"अगं, इकडे आलो तेव्हा यांच्या ऑफिसच्या पार्ट्या असायच्या. सगळ्यांपुढे जेवण आणि माझ्यापुढे लेट्यूस. मग कुणीतरी वेटरला बोलावणार, वेटर शेफला बोलावणार, सगळे सॉरी सॉरी म्हणणार. तोवर बाकीच्यांचं अन्न गार. माझं स्पेशल येणार तेव्हा त्यांचं जेवून झालेलं, मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसणार. उपाशी राहायला मी नाही घाबरत, एकादश्या करते. पण मला परत तसं बसायचं नाही."

मी म्हटलं, "एकदा तालमीला या, मग ठरवा."

तालीम होती सप्टेंबरात. मी मुद्दाम नागानोचा बेत ठेवला. दाशी फक्त शेवाळाची केली, मासा घराबाहेर ठेवला, आणि ओयाकीत भरायला छान वांगी आणली. वांगं आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं खारट वाटण, हे तिथलं सगळ्यात लाडकं सारण. काकूंनी ओयाकी हातात घेतला, मोडला, आत बघितलं आणि हलकेच ताटात ठेवला.

"प्युअर व्हेज आहे काकू!" मी मोठ्या अभिमानानं म्हणाले.

"चातुर्मास आहे गं," काकू म्हणाल्या. "कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं नाही खात मी."

आमच्या मालवणी घरात श्रावण पाळायचे, आणि तो संपला की दुसऱ्या दिवशी बाजारात पहिला नंबर लावायचे. चार महिने कुणी पाळतं, हे मी पार विसरून गेले होते. टूर ऑक्टोबरात, म्हणजे ऐन चातुर्मासात. तारखा ठरवताना मी पानं कधी लाल होतात ते बघितलं होतं, पंचांग कुणी बघितलं होतं? पुढे ढकलावी तर नंतर त्या डोंगरात अशी थंडी, की काकांना तिथल्या पायऱ्या चढवल्या नसत्या.

काकूंनी पर्समधून दहीभाताचा छोटा डबा काढला. "तुम्ही जेवा सगळे, माझ्यासाठी थांबू नका," म्हणाल्या. अर्थातच सगळे थांबले. कुणीतरी मला सॉरी म्हणालं, कुणीतरी काकूंना. सूप गार झालं. ज्याला त्या इतकी वर्षं घाबरत होत्या, नेमकं तेच मी त्यांना माझ्या घरी बोलावून दाखवलं. मला स्वतःचा इतका राग आला, की त्या वांग्याकडे बघवेना. काकांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाले, "राहू दे ताई, आमचं कॅन्सल करा."

मी दोन दिवस मागून घेतले आणि नागानोत आमचा ग्रुप दर वर्षी उतरायचा त्या सराईत फोन लावला. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. सराईच्या मालकीणबाई माझ्या जुन्या ओळखीच्या, आणि दर वर्षी आमचं एकच भांडण. मी म्हणायची मासा नको, त्या म्हणायच्या, सूपात अगदी थोडासा घातला तर? या वेळी मी आणखीच अवघड मागणी घेऊन आले होते. शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं: मासा नाही, माशाची दाशी नाही, कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. एका बाईंचं चार महिन्यांचं व्रत आहे.

मग त्या म्हणाल्या, "व्रत? देवाचं?"

"हो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? तुम्ही दर वर्षी सांगता, आमच्या पाहुण्यांना मासा चालत नाही. मला वाटायचं, आवडत नसेल, म्हणून मी आपली थोडा चाखून बघा म्हणायची. व्रताची गोष्ट वेगळी. आमच्याकडे घरातल्या मयत माणसांच्या तिथीला देवळातल्यासारखा स्वयंपाक करतात. मासा नाही, मटण नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. दाशी शेवाळाची आणि वाळवलेल्या अळंब्यांची. माझ्या सासूबाईंनी शिकवलंय मला. त्यात अवघड ते काय?"

इतकी वर्षं मी त्यांना 'व्हेजिटेरियन' समजावत होते आणि त्या बिचाऱ्या ते कौतुकानं ऐकत होत्या. चातुर्मास मात्र त्यांना एका वाक्यात कळला. तेवढ्या वर्षांत किती काकूंनी तिकडे नुसता भात आणि घरचं मेतकूट खाऊन दिवस काढले असतील, ते आठवून अजूनही मन खातं.

"पण वांगं का नाही?" मालकीणबाईंनी विचारलं. "वांगं देवळात चालतं."

काकूंनाच विचारते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला.

"का म्हणजे?" काकू म्हणाल्या. "आमच्या सासूबाई खात नव्हत्या."

हे मी जसंच्या तसं नागानोला कळवलं. मालकीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना फोन बाजूला ठेवावा लागला. "समजलं," त्या म्हणाल्या. "वांगं नाही."

मग पुन्हा हर्नडनला फोन. सगळं सांगितलं, देवळातला स्वयंपाक, अळंब्यांची दाशी, तिथीची चाल. काकू हूं हूं करत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हे सगळं तिला तिच्या सासूनं शिकवलं?"

"हो. कडक होती म्हणे."

"मग येते," काकू म्हणाल्या.

नागानोला पोचलो त्या दुपारी काकांनी त्यांची जुनी गल्ली शोधून काढली. घराच्या जागी गाड्यांचं पार्किंग होतं. त्या बाई कधीच गेल्या होत्या. काका काठीवर भार देऊन बराच वेळ उभे राहिले. शेवटी काकू म्हणाल्या, "पाय दुखतील, चला." आणि त्यांचा हात धरून बसपर्यंत घेऊन आल्या. बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. सकाळी भट्टी बघून आल्यापासून हवेत असलेल्या निखिलनं उठून त्यांची काठी वरच्या रॅकवर नीट ठेवली.

संध्याकाळी सराईत सगळ्यांसमोर लहान लहान लाकडी चौरंग मांडले गेले. तिळाचं पांढरं टोफू, उकडलेली गाजरं आणि मुळा, अळंब्यांचं सार, भात, लोणचं. मी सवयीप्रमाणे काकूंचं ताट कुठलं ते शोधायला लागले. काकूही शोधत होत्या. त्यांनी उजवीकडच्या ताटात बघितलं, डावीकडच्या बघितलं, मग मान उंच करून समोरच्या रांगेकडे बघितलं. सगळी ताटं अगदी सारखी होती. मी मालकीणबाईंकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, "व्रताच्या दिवशी घरात सगळेच ते जेवतात. नाही का?"

निखिलला यातलं काही माहीत नव्हतं. चॉपस्टिक उचलता उचलता तो थांबला. तालमीच्या दिवशी काकू कशा बसल्या होत्या ते त्याला आठवत असणार.

"काकू, तुमचं स्पेशल आलं नाही? आम्ही थांबतो ना."

"जेव तू," काकू म्हणाल्या. "आज सगळ्यांना माझंच आहे."

त्यांनी पहिला घास घेतला, कुणासाठी न थांबता आणि कुणाला न थांबवता. माझे डोळे भरून आले. मी सार गरम आहे असं सांगून वेळ मारून नेली.

शेवटी मालकीणबाई चुलीवर भाजलेले ओयाकी घेऊन आल्या. आत लाल भोपळा. काकांनी एक उचलला, पण हात इतका थरथरत होता की तो मोडेना. काकूंनी त्यांच्या हातातून घेतला, फुंकर मारली, दोन भाग केले, अर्धा त्यांच्या वाटीत ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. सावकाश, डोळे मिटून, घरची भाजी चाखावी तसा. काका स्वतःचा घास विसरून त्यांच्याकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा उचलला.

काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी थरथरत्या हातानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ही तक्रार ऐकायला चाळीस वर्षं थांबलोय मी."